रिंगोचा ठेका

रिंगो स्टार हा सामान्य ड्रमर आहे, नशिबाने बीटल्समध्ये गेला, असं मी पस्तीस वर्षं म्हणत आलो. चारचौघांत म्हणालो, पैजा लावून म्हणालो, माझं ऐकणाऱ्या लहान मुलांना शिकवल्यासारखं सांगितलं. ते चूक होतं हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. आणि त्या मताच्या भरात मी एका मुलाशी जे वागलो, ते त्याहून चूक होतं. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून सोडवता येत नाहीत, म्हणून एकत्रच सांगतो.

सुरुवात दादरला झाली. मावशी तिथे राहायची. १९७९ च्या मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आणि मावसभावाने नुकताच टू-इन-वन घेतला होता. हा मावसभाऊ, म्हणजे दादा, कॉलेजात होता. तो मला काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये घेऊन गेला. रेकॉर्ड विकत घेण्याइतके पैसे आम्हा दोघांकडे मिळूनही नव्हते. आम्ही एकेक कव्हर हातात घ्यायचो, मागची बारीक अक्षरं वाचायचो आणि जागच्या जागी ठेवून द्यायचो. दादाच्या एका मित्राच्या घरी मात्र रेकॉर्ड होत्या. त्याच्याकडून सुट्टी संपायच्या आत एक कॅसेट भरून मिळाली. साठ मिनिटांची, एका बाजूला बीटल्स, दुसऱ्या बाजूला डीप पर्पल आणि लेड झेपलिन. गाण्यांची नावं दादाने निळ्या बॉलपेनने लिहिली होती.

ती कॅसेट मी पुण्याला आणली आणि जवळजवळ रोज ऐकली. तीस मिनिटं झाली की टेप संपणार, मग गाणं संपलेलं असो वा नसो. बीटल्सच्या बाजूला शेवटचं गाणं होतं ‘अ डे इन द लाइफ’. त्यात वाद्यवृंद चढत चढत टोकाला जातो, तिथेच खट् आवाज होऊन सगळं थांबायचं. त्यानंतर पियानोंवर एकदम वाजवलेला एक सुरांचा मेळ आहे आणि तो जवळजवळ पाऊण मिनिट विरत जातो, हे मला सात वर्षं माहीत नव्हतं. कॉलेजच्या होस्टेलवर एका मित्राच्या खोलीत ते गाणं पहिल्यांदा पुरतं ऐकलं तेव्हा खिडकीशी उभा होतो. तो नाद संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. आजही ते गाणं लागलं की त्या टोकाच्या क्षणी माझा कान आधी त्या ‘खट्’ची वाट पाहतो.

भरून घेतलेल्या कॅसेटला कव्हर नसायचं. कोण काय वाजवतंय हे कळायला दादाच हवा. त्याने मला सांगितलं होतं, जॉन आणि पॉल गाणी लिहितात, जॉर्ज सतार शिकला. मग तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आणि रिंगो ड्रम वाजवतो.” माझं पुढचं सगळं मत त्या थांबण्यातून निघालं असावं.

तोवर मी तबला शिकायला लागून चार वर्षं झाली होती. नारायण पेठेतल्या एका खोलीत गुरुजी शिकवायचे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मी मध्यमापर्यंत पोचलो. कायदे, रेले, तुकडे, तिहाया यांत जीव रमायचा. गुरुजी मात्र आठवड्यातला एक दिवस नुसता ठेका धरायला लावायचे. तीनताल, अर्धा तास, लय तीच, एकही जादा बोल नाही. आम्हा मुलांना तो दिवस शिक्षा वाटायचा. गुरुजी त्या दिवशी हमखास थिरकवाखाँसाहेबांची गोष्ट सांगत. अहमदजान थिरकवा म्हणजे स्वतंत्र तबलावादनातलं शिखर. त्या माणसाने गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना वर्षानुवर्षं साथ केली. गुरुजी म्हणत, ज्याच्या हातात सगळं होतं तो माणूस पदाला साधा ठेका देऊन बसायचा, आणि तो ठेका ऐकायला लोक यायचे. मी ती गोष्ट दर वेळी ऐकली आणि दर वेळी तिच्यातलं पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

त्यामुळे रॉक ऐकतानाही मला हात दिसायचा तो वेगाचा. डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोच्या मैफलींत रेकॉर्ड झाला. त्यातल्या ‘द म्यूल’मध्ये इयान पेस एकटा जे वाजवतो ते मला तोंडपाठ होतं, बोल लावून म्हणून दाखवता यायचं. क्रीमच्या जिंजर बेकरचं ‘टोड’ असंच. आणि लेड झेपलिनचा जॉन बोनम तर माझा देव होता. ‘मोबी डिक’ रंगमंचावर वाजवताना तो मध्येच काठ्या टाकून उघड्या हातांनी ड्रम वाजवायचा, हे कळलं तेव्हा तबल्याच्या विद्यार्थ्याला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. २५ सप्टेंबर १९८० ला तो गेला. मला ती बातमी काही महिन्यांनी दादाच्या पत्रातून कळली.

या सगळ्यांपुढे रिंगो काय करतो? तो नुसता ठेका देतो. माझ्या मते प्रश्न तिथेच संपायचा.

१९८६ साली आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रॉकचा बँड उभा करायचं ठरलं. मी संगीत विभागाचा सेक्रेटरी होतो. गाणी तीन ठरली, त्यांतलं एक बीटल्सचं ‘कम टुगेदर’. ड्रमवर नाशिकहून आलेला, माझ्याच वर्षातला एक मुलगा होता. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे, लय त्याच्या अंगात घरातूनच आलेली होती. तो कमी बोलायचा, वेळेवर यायचा. गाणं सुरू झालं की गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत वाजवायचा. तीन आठवड्यांच्या तालमीत त्याची लय एकदाही हलली नाही. हे मी आज लिहू शकतो, कारण तेव्हाही ते मला जाणवलं होतं. मी त्याला गुण समजत नव्हतो.

गॅदरिंगच्या चार दिवस आधी मी त्याला म्हणालो, ‘कम टुगेदर’च्या मध्ये दोन मिनिटांचा ड्रम सोलो घाल. तो म्हणाला, “तिथे नको. गाणं मोडेल.” मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा तेच म्हणाला, आवाज न चढवता. सगळा बँड उभा होता. मी म्हणालो, “तू रिंगो आहेस. आम्हाला ड्रमर पाहिजे.”

कुणीतरी हसलं. त्याने काठ्या खुर्चीवर ठेवल्या, ड्रमच्या तोंडावरची चादर नीट केली आणि गेला. त्याच्या जागी मी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आणला, हाताने फार वेगवान. गॅदरिंगच्या रात्री त्याने सोलो घातला, मुलं बाकांवर चढून ओरडली, शिट्ट्या पडल्या. माझं म्हणणं खरं ठरलं असं मी धरून चाललो. टाळ्यांनी मला पुढची पस्तीस वर्षं त्यावर पुन्हा विचार करू दिला नाही.

पुढे नोकरी, संसार, बदल्या. तबला सुटला. गाणी राहिली. कॅसेटच्या जागी सीडी आल्या, सीडीच्या जागी फोन आला. ७ एप्रिल २००३ ला रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवायला आले तेव्हा मी आणि दादा दोघेही गेलो होतो, दोघांचेही केस पिकायला लागलेले. मधल्या काळात एक वाक्य कुठूनतरी कानावर आलं होतं. रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे का असं जॉन लेननला विचारलं, तेव्हा तो म्हणे म्हणाला की रिंगो बीटल्समधलाही सर्वोत्तम ड्रमर नाही. हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. साक्षात लेननची साक्ष माझ्या बाजूने होती.

लेनन हे कधीच म्हणाला नव्हता. बीटल्सचा इतिहास लिहिणारे मार्क लुइसन यांनी त्या वाक्याचा माग काढला तेव्हा ते १९८१ मधल्या बीबीसी रेडिओच्या एका विनोदी कार्यक्रमात सापडलं. लेननचा खून झाला डिसेंबर १९८० मध्ये. म्हणजे तो गेल्यावर कुणीतरी लिहिलेला विनोद मी त्याच्या तोंडी घालून मिरवत होतो. खुद्द लेननने शेवटच्या वर्षातल्या एका मोठ्या मुलाखतीत रिंगोच्या वाजवण्याचं कौतुक केलं आहे. त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही, असंही त्याचं म्हणणं होतं.

मत बदललं ते मात्र या वाचनाने नाही. ते बदललं माझ्या पुतणीमुळे.

लॉकडाऊनमध्ये ती आमच्याकडे होती. सोळा वर्षांची, ड्रम शिकणारी. सर ऑनलाइन शिकवायचे, वाजवायला घरात एक रबरी पॅड आणि दोन काठ्या. सरांनी तिला ‘कम टुगेदर’ दिलं होतं आणि ती तीन दिवस त्याच्याशी झगडत होती. मी सहज म्हणालो, “अगं, ते सोपं आहे, आम्ही कॉलेजात वाजवलंय.” ती म्हणाली, “काका, हे अजिबात सोपं नाहीये. तुमचं रेकॉर्डिंग आहे का?”

होतं. होस्टेलच्या एका मित्राने प्रेक्षकांत बसून टेप केलेलं, कपाटाच्या वरच्या खणात. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून मी त्या काळात सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवत होतोच. आम्ही ती लावली. मी माझ्या तरुणपणीच्या टाळ्यांची वाट पाहत होतो. अर्धं गाणं व्हायच्या आत पुतणी म्हणाली, “काका, हे पळतंय.”

तिने फोनवर मात्रा मोजणारं अ‍ॅप लावलं. आमचं गाणं मिनिटाला ८६ ठोक्यांवर सुरू झालं होतं. सोलो संपून गाणारा परत आला तेव्हा ते १०८ वर होतं. गाणाऱ्याला शब्द टाकायला जागा नव्हती. तो धापा टाकत होता आणि शेवटची ओळ त्याने सोडूनच दिली होती. टाळ्या होत्या, भरपूर होत्या. त्यांच्या खाली एक गाणं मरत होतं आणि तबला शिकलेल्या मला ते पस्तीस वर्षांत ऐकू आलं नव्हतं. मग तिने मूळ गाणं लावलं. चार मिनिटांहून जास्त, आणि लय जिथे होती तिथेच. अ‍ॅपवरचा आकडा इकडेतिकडे होत होता, पण पुन्हा आपल्या जागी येत होता. श्वास घेणाऱ्या माणसाच्या छातीसारखा.

त्या रात्री मी ते गाणं हेडफोन लावून ऐकलं, तबलजीसारखं, म्हणजे गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करून. रिंगोने टॉम या ड्रमवर टॉवेल टाकले होते, त्यामुळे आवाज डग्ग्यासारखा खोल आणि बुजलेला येतो. हाय-हॅटच्या झांजांवरून खाली उतरणारी ती वेलांटी कानाला सरळ वाटते, हातात येत नाही. पुतणीला ती का येत नव्हती तेही मग कळलं. रिंगो डावखुरा आहे. लहानपणी आजीने त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. ड्रम मात्र तो उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेलेच वाजवत आला. डावखुरा तबलजी तबला आणि डग्गा उलटा मांडतो आणि त्याचा प्रश्न सुटतो. रिंगोने मांडणी बदलली नाही. त्यामुळे एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना त्याचा पुढचा हात चुकीचा असतो, जायला किंचित उशीर लागतो, आणि तो उशीर भरून काढायला त्याने स्वतःचे बोल घडवले. इतर कुणाचा हात त्या वाटेने जात नाही. ज्याला मी साधेपणा म्हणत होतो, ती दुसऱ्या कुणाला न साधलेली बोटांची वळणं होती.

मग मी एकेक गाणं काढून बसलो. ‘अ डे इन द लाइफ’, माझं तुटणारं गाणं. लेनन ओळ गाऊन सोडतो आणि त्या रिकाम्या जागेत रिंगो टॉमवर बोलतो. पुढच्या ओळीआधी तो गप्प झालेला असतो. गायकाने ओळ सोडली की तबल्याने किती बोलायचं आणि कुठे मिटायचं, हे गुरुजी आम्हाला अभंगाच्या साथीत शिकवायचे. तेच होतं हे, आणि ते निळ्या अक्षरांच्या कॅसेटवर १९७९ पासून माझ्या घरात होतं.

सगळ्यात जास्त दिवस मी अडकलो ते एप्रिल १९६६ मधल्या आठ-नऊ दिवसांत. ६ आणि ७ तारखेला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत ‘टुमॉरो नेव्हर नोज’ रेकॉर्ड झालं. खाली तानपुऱ्यासारखा एकच खर्ज, वर उलट्यासुलट्या फिरणाऱ्या टेप, सगळं सुटून जाण्याच्या बेतात, आणि त्याला बांधून ठेवणारा रिंगोचा एकच ठेका, पहिल्यापासून शेवटपर्यंत न बदलणारा. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि स्टुडिओच्या नियमापेक्षा माइक जवळ आणला. १४ तारखेला ‘रेन’. रिंगो स्वतः आपलं सर्वांत चांगलं वाजवणं म्हणून या गाण्याकडे बोट दाखवतो. मूळ साथ भरभर वाजवून टेप हळू फिरवली, त्यामुळे ड्रमला एक जडशीळ वजन आलं.

आणि या दोहोंच्या मध्ये, ११ एप्रिलला, जॉर्ज हॅरिसनचं ‘लव्ह यू टू’. त्यावर तबला आहे. वाजवणाऱ्याचं नाव अनिल भागवत. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत त्यांना बोलावणं गेलं होतं. जॉर्जने सोळा मात्रांत वाजवायला सांगितलं आणि पुढे त्यांना मोकळीक दिली, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. ‘रिव्हॉल्व्हर’च्या कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं आहे. ऱ्हिदम हाऊसमध्ये मी ते कव्हर हातात घेतलं असेल आणि ‘भागवत’ ही अक्षरं बोटाखालून गेली असतील. त्या गाण्यात ड्रमसेट वाजवलेला नाही. रिंगो फक्त टॅम्बुरिन वाजवतो. थोडेच दिवस आधी त्याने सगळं गाणं एकट्याने तोलून धरलं होतं, लगेच पुढे आयुष्यातलं सर्वोत्तम वाजवणार होता. मध्ये तबल्याला जागा हवी होती, तेव्हा त्याने फक्त टॅम्बुरिन हातात घेतलं. थिरकवाखाँसाहेबांच्या गोष्टीतलं दुसरं वाक्य मला त्या दिवशी कळलं. गुरुजी तोवर गेलेले होते.

टॅम्बुरिन त्याच्या हातात आधीही एकदा आलं होतं आणि तो प्रसंग वाचताना मला पुस्तक मिटावं लागलं. रिंगोचं बालपण आजारपणात गेलं. सहाव्या वर्षी पोटातला जंतुसंसर्ग, वर्षभर इस्पितळ. तेराव्या वर्षी क्षय, जवळजवळ दोन वर्षं आरोग्यधामात. तिथे मुलांना वाद्यं वाटायचे, त्याने ड्रमशिवाय दुसरं काही घेतलं नाही. शाळा अशी झालीच नाही. १९५७ च्या नाताळात सावत्र वडिलांनी जुना ड्रमसेट आणून दिला. जवळजवळ पाच वर्षांनी, ऑगस्ट १९६२ मध्ये, तो बीटल्समध्ये आला. ४ सप्टेंबरला त्याने ‘लव्ह मी डू’ वाजवलं. ११ सप्टेंबरला पुन्हा स्टुडिओत गेला तर ड्रमवर दुसरा माणूस बसलेला होता, अँडी व्हाइट नावाचा व्यावसायिक वादक. रिंगोच्या हातात टॅम्बुरिन देण्यात आलं. तो बावीस वर्षांचा होता. ही सल त्याने पुढे कित्येक मुलाखतींत बोलून दाखवली आहे.

मला त्या ओळींत रिंगो दिसत नव्हता. खुर्चीवर ठेवलेल्या दोन काठ्या दिसत होत्या.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये रिंगो बीटल्स सोडून गेला होता. आपण नीट वाजवत नाही, आणि हे तिघं एक आहेत, आपण बाहेरचे आहोत, असं त्याला वाटायला लागलं होतं. तो इतरांना हे सांगायला गेला तर त्यांनाही आपापल्या परीने तसंच वाटत होतं. दोन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा जॉर्जने त्याचा ड्रमसेट फुलांनी मढवून ठेवला होता. जगातला सर्वांत चांगला रॉक ड्रमर तूच आहेस, परत ये, अशी तारही त्याला गेली होती. ज्यांच्या मागे बसून तो वाजवत होता, त्यांना तो काय आहे हे माहीत होतं. मार्क लुइसन यांनी बीटल्सच्या रेकॉर्डिंगच्या टेप ऐकल्या आहेत. रिंगोच्या चुकीमुळे गाणं थांबवावं लागलं असे प्रसंग त्यांना डझनभरही सापडले नाहीत.

नोव्हेंबर २०२१ मध्ये पीटर जॅक्सनचा ‘गेट बॅक’ आला. पुतणी आणि मी तिन्ही भाग तीन रात्रींत पाहिले. १९६९ च्या जानेवारीत बाकीचे वाद घालतायत, रुसतायत, उशिरा येतायत. रिंगो येऊन बसलेला असतो. पॉल बास गिटारच्या तारा खाजवत खाजवत शून्यातून ‘गेट बॅक’ची चाल काढतो तेव्हा रिंगो समोर बसून नुसता पाहत असतो. पुढे ते गाणं उभं राहतं तेव्हा त्याने दिलेला दौडता ठेका असा बसतो की गाण्याबरोबरच जन्मला असावा. गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत वाजवणारा माणूस मी याआधी एकदाच जवळून पाहिला होता.

बोनम अजूनही माझा देव आहे, ते बदललेलं नाही. पण ‘मोबी डिक’ आता मी क्वचित लावतो. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावतो. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याखाली ड्रम ठेवून, वर माइक टांगून रेकॉर्ड केलेलं ते गाणं आहे. त्यात बोनम सात मिनिटं जवळजवळ तोच ठेका देतो. गुरुजींचा शिक्षेचा दिवस.

नाशिकच्या त्या मुलाचा नंबर वर्गातल्या दुसऱ्या एकाकडून मिळाला. तो मिळाल्यावर तीन आठवडे मी फोन केला नाही. मग एका रविवारी सकाळी केला. नाव सांगितल्यावर त्याने ओळखलं. इकडच्या तिकडच्या चौकशीत वेळ न घालवता मी म्हणालो की ८६ च्या गॅदरिंगच्या वेळी मी तुला जे बोललो ते चूक होतं, आणि चार जणांसमोर बोललो ते त्याहून वाईट होतं. मला माफी मागायची आहे.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आठवतं मला.” तो विसरला असेल अशी माझी कुठेतरी आशा होती. तो विसरला नव्हता.

मी विचारलं, “अजून वाजवतोस?”

“नाही. तेव्हाच सुटलं. वडील विचारायचे, का रे बंद केलंस. सांगितलं, अभ्यास आहे.” मग त्यानेच विचारलं, “मी काही त्या रात्री थांबलो नव्हतो. ते गाणं पळालं का रे?”

“पळालं,” मी म्हणालो. “८६ वरून १०८ वर गेलं.”

“वाटलंच होतं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. समाधानही नव्हतं. वाजवणारा माणूस दुसऱ्या वाजवणाऱ्याला लयीबद्दल जसं सांगतो, तसं त्याने सांगितलं.

त्याने माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. आता आम्ही महिन्या-दोन महिन्यांतून बोलतो, बहुतेक गाण्यांबद्दलच. गॅदरिंगची कॅसेट मी त्याला ऐकवलेली नाही. ‘रेन’ पाठवलं होतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, आणि पहिलं अर्धं मिनिट तो काहीच बोलला नाही. टेबलावर बोटांनी ठेका धरून होता. लय हलली नव्हती.